बाग कराराने देणारा आळशी नसतो

रत्नागिरी-सिंधुदुर्गात हापूसची बाग कराराने, म्हणजे मोसमाचं फळ ठरलेल्या रकमेला दुसऱ्याला, देणाऱ्याबद्दल लोकांचं मत ठरलेलं असतं. याला कष्ट नकोत, झाडं बापजाद्यांनी लावली, हा नुसते पैसे मोजून घेतो. मेळाव्यातले वक्ते हेच सांगतात, मुंबईहून मे महिन्यात आलेले भाऊबंद हेच सांगतात आणि मोठे बागायतदारही खासगीत हेच बोलतात. छोट्या बागायतदाराने करार सोडावा, स्वतः फवारावं, स्वतः विकावं, म्हणजे हापूसमध्ये पैसाच पैसा आहे, असा या बोलण्याचा सूर असतो.

मला हे पटत नाही. आंब्याच्या पन्नास-साठ कलमांचा, म्हणजे कलमी झाडांचा, मालक बाग कराराने देतो, कारण त्याला परवडेल असा दुसरा विमा त्याच्याजवळ नाही. सरकारने लागवडीला पैसे दिले, जातींवर संशोधन करवलं, निर्यातीची केंद्रं उभी केली. पण मोहोर ते पेटी या चार-पाच महिन्यांतली जोखीम कोणी उचलायची हा प्रश्न त्याच्या एकट्याच्या डोक्यावर ठेवला. ती जोखीम तो मिळेल त्याला विकतो. या विक्रीची खरी किंमत मात्र झाडं मोजतात, आणि म्हणून हा एका घराचा खासगी व्यवहार उरत नाही.

आधी व्यवहार कसा असतो ते पाहू. काही करार मोहोर येण्याआधीच होतात. पावसाळ्यात किंवा त्याच्या थोडं आधी करारदार येतो, झाडं बघतो, गेल्या वर्षी फळ किती होतं ते शेजाऱ्यांकडून काढतो आणि बागेचा एकरकमी आकडा बोलतो. काही करार फळ धरल्यावर, कणी, म्हणजे कोवळं फळ, सुपारीएवढी झाल्यावर होतात. तेव्हा रक्कम वाढते, कारण निम्मा धोका मालकाने आधीच सोसलेला असतो. रक्कम दोन-तीन हप्त्यांत मिळते. त्यानंतर फवारणी, राखण, काढणी, पेटी भरणं, वाशीच्या घाऊक बाजारात माल पाठवणं सगळं करारदाराचं. राखणीला बहुतेक ठिकाणी नेपाळी माणसं असतात, ती मोसमभर बागेतच झोपडी करून राहतात. मालकाचा संबंध घरच्या खाण्यापुरत्या आंब्यांशी, तोही ठरला असेल तर.

आता स्वतः बाग केली तर काय होतं? दहा मीटर अंतरावर कलमं लावली तर एका हेक्टरात शंभर बसतात, म्हणजे ढोबळमानाने गुंठ्याला एक कलम. साठ गुंठ्यांत साठ कलमं धरू. कोकणातल्या हापूसचं सरासरी उत्पादन हेक्टरी अडीच टनांच्या आसपास सांगितलं जातं, म्हणजे झाडामागे पंचवीस किलो, अडीचशे ग्रॅमचं फळ धरलं तर शंभर फळं. साठ झाडांची सहा हजार फळं, पाचशे डझन, पाच डझनी शंभर पेट्या. इथून पुढचे रुपयांचे आकडे मी हिशेब समजावा म्हणून धरतो आहे. गावागणिक आणि वर्षागणिक ते बदलतील, पण त्यांचा आपसातला मेळ फारसा बदलणार नाही.

शंभरापैकी सत्तर पेट्या बाजारात जाण्याजोग्या निघाल्या आणि मोसमभराचा सरासरी भाव दोन हजार पडला, तर एक लाख चाळीस हजार. उरलेला लहान, डागी माल साडेचारशे किलो, तो कॅनिंगला तीस रुपयांनी गेला तर साडेतेरा हजार. एकूण दीड लाखाच्या थोडं वर. खर्चात खत आणि साफसफाई पंधरा हजार. मोठ्या झाडाला एका फवारणीला पंधरा-वीस लिटर द्रावण लागतं. औषध, पंपाचं इंधन आणि मजुरी मिळून झाडामागे शंभर रुपये धरले तर सहा फवारण्यांचे छत्तीस हजार. राखण, काढणी, खोके, वाहतूक, हमाली मिळून चव्वेचाळीस हजार. पंचाण्णव हजार वजा केले की अठ्ठावन्न हजार रुपये हातात. चांगल्या वर्षात, घरच्या माणसांची मजुरी न धरता.

वाईट वर्षात फळ चाळीस टक्क्यांवर आलं असं धरा. भाव थोडा चढा, अडीच हजार. अठ्ठावीस पेट्यांचे सत्तर हजार आणि कॅनिंगचे पाचेक हजार. खर्च मात्र त्या प्रमाणात उतरत नाही. खत पावसाळ्यातच घालून झालेलं असतं. फवारण्या कमी होण्याऐवजी वाढतात, कारण वाईट वर्ष बहुतेक वेळा कीड-रोगाचंही वर्ष असतं. सहाच्या आठ झाल्या तर अठ्ठेचाळीस हजार. राखणदार फळ कमी आहे म्हणून कमी पैसे घेत नाही. काढणी आणि वाहतूक तेवढी वाचते. एकूण नव्वद हजारांच्या घरात खर्च, आणि पदरात पंधरा हजारांचा तोटा. चांगलं आणि वाईट वर्ष एकामागून एक आलं तर दोन वर्षांची सरासरी वर्षाला एकवीस-बावीस हजार. हापूसचा स्वभावच एक वर्षाआड फळण्याचा आहे, त्यामुळे ही जोडी काल्पनिक नाही.

करारदाराने झाडामागे पाचशे रुपये दिले तर तीस हजार होतात. न राबता, न फवारता, हप्त्याने का होईना पण ठरलेले. ज्याच्या घरात आजारपण आहे, मुलाची फी जूनमध्ये भरायची आहे, त्याने यातलं काय निवडावं? मला तरी त्याची निवड चोख हिशेबाची वाटते.

मग करारदाराला तेच झाड कसं परवडतं, हे विचारायला हवं. त्याच्याकडे अशा वीस बागा असतात. काही समुद्राजवळच्या, जिथे फळ लवकर तयार होतं आणि फेब्रुवारी-मार्चचा चढा भाव सापडतो. काही आत, घाटाच्या बाजूला, जिथलं फळ मेमध्ये येतं. एका खोऱ्यात पावसाने मोहोर काळा पडला तर दुसरीकडे वाचतो. पंप, पिंप, टेम्पो, माणसं सगळ्या बागांत वाटली जातात. जोखीम विभागण्याचं हे साधं तंत्र साठ कलमांच्या मालकाला एकट्याने वापरताच येत नाही, कारण त्याची सगळी झाडं एकाच उतारावर, एकाच वाऱ्यात उभी असतात.

ही जोखीम किती ठिकाणांहून येते हे बागेबाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही, म्हणून थोडं विस्ताराने सांगतो. पाऊस ऑक्टोबरात थांबला, जमीन सुकली, रात्री गार झाल्या की पक्व काडीतून मोहोर फुटतो. अलीकडे पाऊस नोव्हेंबरापर्यंत रेंगाळतो. मग त्याच काडीला मोहोराऐवजी पालवी येते आणि ती पालवी पक्व होईपर्यंत मोसम पुढे सरकतो. मोहोर आला तर तुडतुड्यांची कीड आणि भुरीचा रोग. ढगाळ हवा आणि अवेळी सर पडली की करपा. फळ धरलं आणि जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा कडक थंडी पडली तर झाड पुनर्मोहोर काढतं. नव्या मोहोराकडे अन्न वळतं आणि आधीची वाटाण्याएवढी कणी गळून पडते. डोळ्यांदेखत धरलेलं पीक झाड स्वतःच टाकून देतं, आणि मालकाला त्यात काही करता येत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्यासाठी जिबरेलिक आम्लाची फवारणी सांगितली आहे, पण ती वेळेवर बसली तरच उपयोगाची.

मार्चमध्ये उष्णतेची लाट आली की फळगळ होते, उन्हाच्या बाजूला फळ भाजतं. गेल्या काही वर्षांत फुलकिड्यांनी तर अनेकांची उमेद घालवली आहे. फवारणीमागून फवारणी करूनही ते आटोक्यात येत नाहीत, आणि एकाच गटातली औषधं पुन्हा पुन्हा मारल्याने त्यांची सहनशक्ती वाढत जाते. फळ तयार होत आलं की फळमाशी, वानर आणि माकडं. बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या फळात कापल्यावर साका, म्हणजे न पिकलेला पांढरट स्पंजासारखा गर, निघतो. गिऱ्हाईक त्याला फसवणूक समजतं. खरं तर तो हापूसच्या जातीतच असलेला दोष आहे आणि उशिरा, झाडावर जास्त पिकवलेल्या फळात तो वाढतो. आणि मेमध्ये वळवाचा पाऊस. २०२० साली ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीत फळांबरोबर झाडंही मुळासकट आडवी केली. दहा-वीस वर्षांचं कलम पडलं की त्या जागी नवं लावून भरात यायला पुन्हा आठ-दहा वर्षं जातात.

यासाठी विमा आहे ना, असं कोणी म्हणेल. हवामान आधारित फळपीक विमा योजना आहे आणि तिची कल्पना मुळात चांगली आहे: नुकसानीचा पंचनामा करत बसायचं नाही, हवामान केंद्रावर ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पाऊस, तापमान किंवा वारा नोंदला गेला की भरपाई द्यायची. अडचण अशी की ते केंद्र महसूल मंडळासाठी असतं आणि कोकणात एका मंडळात डोंगर, खाडी, सडा म्हणजे कातळाचं पठार आणि खलाटी म्हणजे सखल जमीन, सगळं येतं. केंद्राच्या माथ्यावर कोरडं आणि चार कोसांवर मोहोरावर सर, हे इथे दर वर्षी घडतं. ज्या केंद्रावर सर पडली नाही, तिथल्या सगळ्यांचं नुकसान कागदावर शून्य. शिवाय पाऊस आणि वाऱ्यापासूनच्या संरक्षणाचा कालावधी मेच्या मध्याला संपतो. २०२१ साली तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याजवळून गेलं ते १६ मे रोजी. उशिराच्या बागांत तेव्हा फळ झाडावर लटकत होतं.

कराराच्या बागेत तर विम्याचा आणखी एक गुंता आहे. विमा सातबाऱ्यावरच्या नावाने उतरतो. भाडेपट्टीने करणाऱ्याला योजनेत भाग घेता येतो, पण त्यासाठी नोंदलेला करार लागतो, आणि आंब्याचे बहुतेक करार तोंडी असतात किंवा साध्या कागदावर. म्हणजे ज्याने यंदाचा धोका पत्करला त्याला संरक्षण नाही, आणि ज्याने तो आधीच विकला त्याच्या नावावर विमा. मग करारदार आपला धोका आधीच रकमेतून कापून घेतो. मालकाच्या हाती येणारा आकडा लहान होतो तो इथे.

करारदारही स्वतंत्र नसतो, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण त्याला खलनायक ठरवणं सोपं आहे. त्याच्याकडे मोसमाच्या सुरुवातीला लागणारी रोकड बहुधा वाशीच्या किंवा पुण्याच्या गाळेवाल्या व्यापाऱ्याकडून आलेली उचल असते. उचल घेतली की माल त्याच गाळ्यावर. भाव काय फुटला हे विक्रीच्या हिशेबाची पट्टी हातात आल्यावर कळतं. २०१६ साली राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला आणि अडत, म्हणजे दलाली, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. निर्णय योग्यच होता. पण ज्याने ऑक्टोबरात पैसे घेतलेत त्याला एप्रिलमध्ये कुठेही विकायचं स्वातंत्र्य कागदावर देऊन काय उपयोग? आंब्याचा बाजार बांधलेला आहे तो कर्जाने, कायद्याने नव्हे.

आता झाडाकडे येतो, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे.

एक वर्षाच्या करारात झाडाचा पुढच्या वर्षाचा विचार करणारं कोणीच उरत नाही. मालकाने पैसे घेतलेत, करारदाराला यंदाचं फळ हवंय. कल्टार म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल हे एक वर्षाआड फळण्यावर उत्तर म्हणून आलं आणि शिफारशीप्रमाणे वापरलं तर ते उपयोगी आहे: झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला ३ मिलिलिटर, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, मुळांच्या कक्षेत, आणि झाडाला पुरेसं खत घालूनच. ते वाढ रोखतं आणि झाडाची शक्ती फळाकडे वळवतं. तेव्हा झाड निरोगी आणि पोसलेलं असलंच पाहिजे. ज्याचा संबंध एका मोसमाचा आहे तो खतात हात आखडता घेतो आणि कल्टार सढळ घालतो. शिवाय त्याचा अंश जमिनीत राहतो, त्यावर पुढच्या वर्षी दुसरा करारदार पुन्हा ओततो. फांद्या आखूड, पानं गुच्छासारखी, पालवी कमी. अशी झाडं ओळखायला तज्ज्ञ लागत नाही.

छाटणीचं तेच. १९९० साली रोजगार हमी योजनेशी जोडून राज्याने शंभर टक्के अनुदानावर फळबाग लागवड सुरू केली आणि कोकणाचे उघडे सडे हिरवे झाले. देवगड-रत्नागिरीच्या कातळावर सुरुंग लावून खड्डे पाडले, बाहेरून माती आणून भरली आणि कलमं जगवली. त्या पिढीच्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे. ती कलमं आता तिशी ओलांडून गेली आहेत. नीट न छाटलेली झाडं उंच झाली, एकमेकांत घुसली, आत ऊन जाईना; शेंड्यापर्यंत फवारा पोचत नाही, फळं काढायची घळ घेऊन चढायला माणूस मिळत नाही. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने अशा बागांच्या पुनरुज्जीवनाची पद्धत दिलेली आहे. पण जोरदार छाटणी केली की दोन-तीन वर्षं फळाला मुकावं लागतं, आणि त्या काळात कापलेल्या फांद्यांत भिरूड ही लाकूड पोखरणारी कीड शिरू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. दोन-तीन वर्षं करार नाही म्हणजे तीस-तीस हजारांचे दोन-तीन हप्ते बुडाले. साठ कलमांचा मालक ही शिफारस ऐकतो, मान हलवतो आणि करवत परत ठेवतो. मी त्याला दोष देणार नाही.

करार एकाच वर्षाचा का, पाच-सात वर्षांचा का नाही? काही ठिकाणी तीन-चार वर्षांचे होतात, पण तेही विश्वासावर. त्याचं मूळ कोकणच्या जमिनीच्या इतिहासात आहे. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याने आणि १९५७ च्या कृषक दिनाने, म्हणजे कुळं मालक ठरली त्या दिवसाने, कसणाऱ्याला जमीन मिळाली. ते न्याय्य होतं आणि त्याशिवाय इथला कष्टकरी उभा राहिला नसता. पण त्याची एक भीती मागे राहिली. जमीन दुसऱ्याला लिहून दिली, सलग वर्षं त्याच्याकडे राहिली, तर उद्या कूळ लागेल. त्यामुळे माणूस जमीन देत नाही, फळ विकतो. कागद करत नाही, शब्द देतो. आणि दर वर्षी नव्याने देतो. नीती आयोगाने २०१६ साली शेतजमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा तयार केला, त्यात मालकाची मालकी आणि कसणाऱ्याची मुदत दोन्ही सुरक्षित ठेवण्याचा विचार होता. कोकणातल्या बागांना त्याची जितकी गरज आहे तितकी क्वचित कुठे असेल.

दुसरं कारण सामाईक सातबारा. एका सातबाऱ्यावर आजोबांच्या तीन मुलांचे सगळे वारस, त्यातले अर्धे मुंबईत, एक-दोन कुठे आहेत तेही ठाऊक नाही. बागेची राखण गावातला एक भाऊ करतो. त्याने बँकेत कर्ज मागितलं की सगळ्यांच्या सह्या. पुनरुज्जीवनाचं अनुदान मागितलं की सगळ्यांच्या सह्या. आणि छाटणी केली तर गणपतीत आलेला चुलता विचारणार, आमची झाडं का तोडली. ज्याच्या नावावर बाग पूर्ण नाही त्याने बागेत दहा वर्षांचा विचार करून पैसा घालावा ही अपेक्षाच चुकीची आहे. एक वर्षाचा तोंडी करार या गुंत्यातही चालतो, म्हणून तो टिकून आहे.

यावर नेहमीचं उत्तर येतं ते थेट विक्रीचं. दलाल वगळा, शहरातल्या सोसायट्यांत पेट्या पोचवा, पणन मंडळाच्या आंबा महोत्सवात गाळा घ्या. मी याच्या बाजूने आहे. अढीत पिकवलेला, रासायनिक भुकटी न लावलेला आंबा ओळखीच्या माणसाकडून घ्यायला शहरातलं गिऱ्हाईक तयार आहे आणि पेटीमागे मिळणारा जादा पैसा खरा आहे. ज्यांच्या घरात मुंबई-पुण्यात वितरण सांभाळणारा कोणी आहे त्यांनी ते जरूर करावं. पण भाव चांगला मिळणं आणि फळ हाती लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरच्या हिशेबातल्या वाईट वर्षात अठ्ठावीस पेट्या थेट विकल्या आणि पेटीमागे हजार रुपये जास्त मिळाले तर तोटा भरून थोडे उरतील, हे खरं. पण मोहोरच करपला तर विकायला काहीच नसतं, आणि फवारणीचे पैसे त्याआधीच गेलेले असतात. थेट विक्री जोखमीच्या शेवटच्या टप्प्यावर येते. छोटा माणूस बुडतो तो पहिल्या टप्प्यात.

भौगोलिक मानांकनाबद्दलही हेच. २०१८ च्या ऑक्टोबरात पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांच्या हापूसला ते मिळालं, परप्रांतातला आंबा हापूस म्हणून विकण्याला आळा घालायचं एक साधन हाती आलं. चांगलं झालं. पण त्याचा फायदा मिळतो तो खोक्यावर ज्याचं नाव आहे त्याला. कराराने दिलेल्या बागेचा मालक त्या खोक्यावर नसतो.

आणखी एक मत आहे, ते जास्त कठोर आहे आणि म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं. छोटी बाग परवडत नसेल तर ती मोठ्याच्या हाती जाऊ द्या, शेतीत असंच होतं. अर्थशास्त्र म्हणून यात तथ्य आहे. वीस बागांवर जोखीम वाटणारा करारदार हेच दाखवतो. पण जमीन विकली जाते तेव्हा ती मोठ्या बागायतदाराकडेच जाईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. किनाऱ्याजवळच्या सड्यांवर खरेदी करणाऱ्यांपैकी अनेकांना आंब्याशी काही देणंघेणं नसतं. आणि मोठेपणाचे जे फायदे आहेत ते जमीन न विकताही मिळवता येतात. तुडतुडे, फुलकिडे आणि फळमाशी बांध ओळखत नाहीत. फळमाशीसाठी हेक्टरी चार रक्षक सापळे लावले आणि शेजारच्या बागेत एकही नाही, तर अर्धा खर्च वाया. वाडीतल्या पंधरा-वीस मालकांनी एकाच आठवड्यात, एकाच गटाचं औषध, ठरलेल्या क्रमाने बदलत फवारलं तर फवारण्या कमी होतात. सामाईक पंप आणि माणसं, सामाईक प्रतवारी, सामाईक पिकवणी. बागेत केशर किंवा रत्ना या जातींची थोडी कलमं असली तर परागीकरणालाही मदत होते आणि हापूस रुसलेल्या वर्षी काहीतरी हाती लागतं. यातलं काहीही नवं नाही. हे होत नाही कारण बागा दर वर्षी वेगवेगळ्या करारदारांकडे असतात आणि कोणाशी बोलायचं हेच ठरत नाही.

म्हणून करार संपवायच्या मागे लागू नये. तो चांगला करावा. पाच ते सात वर्षांचा, लेखी, जमिनीचा नव्हे तर झाडांच्या फळाचा आणि निगेचा करार. त्यातून कुळाचा कोणताही हक्क निर्माण होणार नाही असं कायद्याने स्पष्ट केलेलं. त्यात कल्टारची कमाल मात्रा, खताची किमान मात्रा आणि दर वर्षी किती झाडांची छाटणी करायची हे लिहिलेलं असावं. छाटलेल्या झाडांपुरती मालकाची बुडालेली रक्कम शासनाने दोन-तीन वर्षं द्यावी. नव्या लागवडीवर अनुदान देण्यापेक्षा हे पैसे कमी लागतील आणि उभी असलेली झाडं पुन्हा फळाला येतील. रकमेचा एक भाग ठरलेला आणि एक भाग पिकाच्या प्रमाणात असावा, म्हणजे चांगल्या वर्षाचा थोडा वाटा मालकालाही मिळेल आणि त्याचं लक्ष बागेकडे राहील. असा करार नोंदला की विम्याची भरपाईही दोघांत त्याच प्रमाणात वाटता येईल. विम्याचा कालावधी मे अखेरपर्यंत न्यावा आणि हवामान केंद्रं मंडळाऐवजी खोऱ्यागणिक असावीत, ही मागणी बागायतदारांनी आता एकमुखाने करायला हवी. सामाईक सातबाऱ्यावर प्रत्यक्ष बाग सांभाळणाऱ्या एका सहहिस्सेदाराला, बाकीच्यांची मालकी अबाधित ठेवून, असा करार करण्याचा आणि अनुदान घेण्याचा अधिकार द्यावा. हे सगळ्यात अवघड आहे हे मला माहीत आहे. पण ते टाळून बाकीचं काहीच पुढे सरकणार नाही.

कल्टार जुलैच्या मध्याला जमिनीत जातं. मोहोराआधीचे करार त्याच सुमाराला ठरतात, तेव्हा नमुना करारनामा गावात पोचायचा असेल तर तो जूनच्या ग्रामसभेत वाचला गेला पाहिजे आणि तलाठी कार्यालयात नोंदवून घेण्याची सोय त्याआधी झालेली असली पाहिजे. कृषी खात्याने पहिल्या वर्षी देवगड आणि रत्नागिरी या दोनच तालुक्यांत सुरुवात केली तरी चालेल.